पहिला गोटा कोण मारतो?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात. गोटमार रंगली की पहिला गोटा कोणी मारला, हे कोणी विचारत नाही. देशादेशांच्या युद्धात मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. 'तो मारणारच आहे, मग आपणच आधी मारू,' असा निर्णय राज्यकर्ते का घेतात?

उदाहरण आपल्याच मुलखाचं घेऊ. १८१७ मध्ये सौंसर-पांढुर्ण्याचा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८१६ च्या तहाने अप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती. म्हणजे फौज इंग्रजांची, खर्च आपला! ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवे खडकीला इंग्रजांशी लढले. महिनाअखेर अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली पदवी उघडपणे स्वीकारली. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सने आपली फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणली. २६ च्या संध्याकाळी भोसल्यांच्या सैन्याने हल्ला चढवला.

अप्पासाहेबांच्या जागी उभं राहून बघा. आज आपलं सैन्य कितीतरी पट मोठं आहे, उद्या इंग्रजांची कुमक येईल. आज पेशवे लढताहेत, उद्या ते हरले तर आपण एकटे पडू. म्हणजे आधी हल्ला करणारा दरवेळी ताकदीच्या घमेंडीत असतो असं नाही. बरेचदा 'उद्या आपण आणखी दुबळे होऊ' ही भीतीच त्याला ढकलते.

पण भीतीचा हिशेब चुकतोही. २७ च्या दुपारपर्यंत इंग्रजांनी लढाई जिंकली. १८१८ मध्ये अप्पासाहेबांची गादी गेली. १८४० मध्ये जोधपूरला, परमुलखात, त्यांचा शेवट झाला.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. शत्रू दारात उभा असताना आधी वार करणं वेगळं, आणि तो कधीतरी बलवान होईल म्हणून आजच मारणं वेगळं. १९६७ मध्ये इजिप्तचं सैन्य सीमेवर जमलं होतं. इस्रायलने आधी हल्ला करून त्याची विमानं जमिनीवरच नष्ट केली. ते गरजेचं होतं का, यावर आजही वाद आहे. २००३ मध्ये महासंहारक अस्त्रांचं कारण देऊन अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ती अस्त्रं सापडलीच नाहीत.

म्हणून कोणताही नेता 'आता वेळ नाही' म्हणाला, की आपण विचारायचं: धोका आजचा आहे की उद्याचा? आणि पुरावा कुठाय? गोटा एकदा हातातून सुटला, की परत घेता येत नाही.