जुनाट अर्धशिशी आणि बोटुलिनमची प्रतिबंधक इंजेक्शने

अर्धशिशी हा केवळ डोकेदुखीचा प्रकार नसून मेंदू व मज्जातंतू यांचा विकार आहे. डोक्याच्या बहुधा एका बाजूस ठणके बसणे, मळमळणे, उजेड व आवाज असह्य होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार सुमारे तिपटीने अधिक आढळतो. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी निदान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे दिसत असतील, तर त्या अवस्थेस जुनाट अर्धशिशी म्हणतात. अशा रुग्णाचा निम्मा महिना दुखण्यात जातो. नोकरी, शेती, घरकाम व मुलांचे संगोपन या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

या अवस्थेवरील प्रतिबंधक उपचारांत बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनांचा समावेश होतो. हे विष एका जीवाणूपासून तयार होते. दूषित अन्नातून ते शरीरात गेल्यास स्नायू लुळे पडतात आणि श्वसन बंद पडून मृत्यूही ओढवू शकतो. जर्मनीतील वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले. १८९५ साली बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेंगेम यांनी तिला कारणीभूत असणारा जीवाणू शोधून काढला. पुढे अत्यल्प मात्रेत शुद्ध केलेले हेच विष औषध ठरले. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांचे आकडी येणे यांसाठी त्यास मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठी ही इंजेक्शने घेणाऱ्या काही व्यक्तींची अर्धशिशी कमी झाल्याचे त्यानंतरच्या दशकात ध्यानात आले आणि संशोधनास नवी दिशा मिळाली.

हैदराबादचा धडा

घातक द्रव्य औषध म्हणून वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचे बोधप्रद उदाहरण हैदराबादच्या इतिहासात आहे. शस्त्रक्रियेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करण्याकरिता तेथे १८८८ व १८८९ साली दोन आयोग नेमण्यात आले. निजाम सरकारने खर्चाचा भार उचलला आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्ममुळे प्रथम श्वसन थांबते, हृदय नव्हे. म्हणून श्वासावर लक्ष ठेवल्यास धोका नाही, असा निष्कर्ष शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांनी आग्रहाने मांडला. परंतु हलक्या भुलीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले. प्रयोग पुष्कळ झाले म्हणून निष्कर्ष अचूक ठरतोच असे नाही. योग्य तुलना आवश्यक असते.

बोटुलिनमच्या बाबतीत अशी तुलना झाली. उत्तर अमेरिका व युरोपमधील १,३८४ रुग्णांवरील दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना औषध, तर काहींना औषधविरहित इंजेक्शन देण्यात आले. आरंभी २८ दिवसांत सुमारे २० दिवस डोके दुखत होते. २४ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे असे दिवस सरासरी ८.४ ने, तर औषधविरहित गटाचे ६.६ ने घटले. अर्थात लाभ खरा आहे, पण चमत्कार नाही. त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली.

उपचाराची पद्धत

हे औषध मज्जातंतूंच्या टोकांतून वेदनेचे संदेश नेणारी रसायने बाहेर पडू देत नाही. कपाळ, भुवयांमधील भाग, कानशिले, डोक्याची मागील बाजू, मान व खांदे या भागांतील ३१ ठिकाणी प्रत्येकी ५ याप्रमाणे एकूण १५५ एकक औषध बारीक सुईने टोचले जाते. त्याचा प्रभाव हळूहळू ओसरत असल्याने दर १२ आठवड्यांनी इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची एकके परस्परांशी समान नसतात, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

उपचार खर्चिक आहे. म्हणून निवड काळजीपूर्वक व्हावी. महिन्यात १५ पेक्षा कमी दिवस डोके दुखणाऱ्यांना या इंजेक्शनांचा लाभ सिद्ध झालेला नाही. ब्रिटनमधील २०१२ च्या मार्गदर्शनानुसार किमान तीन प्रतिबंधक औषधे निष्फळ ठरल्यावरच ही इंजेक्शने द्यावीत, आणि दोन फेऱ्यांनंतर दुखण्याचे दिवस ३० टक्क्यांनीही घटले नाहीत तर ती थांबवावीत.

घ्यावयाची दक्षता

मानदुखी, पापणी खाली येणे व टोचल्या जागी दुखणे हे दुष्परिणाम बहुधा तात्पुरते असतात. गिळण्यास, बोलण्यास वा श्वास घेण्यास त्रास झाल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. स्नायूदुर्बलतेचा विकार असल्यास किंवा गर्भारपण असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे. सौंदर्योपचार केंद्रात हा उपचार घेणे उचित नव्हे. निदान व इंजेक्शने दोन्ही मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावीत. हैदराबादमध्ये पंजागुट्टा येथील निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या संस्थांत मेंदूविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी प्रत्येक रुग्णाला विनाखर्च करता येतात. पहिली, किमान एक महिना डोकेदुखीची नोंदवही ठेवणे: दुखण्याचा दिवस, कालावधी, घेतलेली गोळी, झोप, जेवणाची वेळ व उन्हातील वावर तीत लिहावा. दुसरी, वेदनाशामक गोळ्यांची मोजदाद करणे. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस दीर्घकाळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. अनेकांच्या जुनाट अर्धशिशीचे मूळ या सवयीत असते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि गोळ्यांवर संयम यांची जागा कोणतेही इंजेक्शन घेऊ शकत नाही.