संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि गुंगालिनमधल्या आमच्या घरी एक रखडलेले काम अंगावर आले. आमचा संगणक विंडोज ११ पेलण्याइतका नवा होता, पण त्याच्या पोटातली फिरती हार्ड डिस्क थकली होती. सुरू केला की चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, तरी पडदा हलायचा नाही. म्हणून एक टेराबाइटची एसएसडी आणली. स्क्रूड्रायव्हर शोधायला खण उघडला, तर पूर्वीच्या संगणकांतून 'राहू दे, कधी लागेल' म्हणून काढून ठेवलेल्या चार डिस्क हाती आल्या. सौ. म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आत हे घराबाहेर गेलं पाहिजे." मुलगी म्हणाली, "बाबा, फॉरमॅट कर आणि मिचेलला टाकून ये. दहा मिनिटांचं काम आहे."

त्या दहा मिनिटांचे तीन आठवडे झाले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी हलवाहलव. ऑपरेटिंग सिस्टिम ही फोटोंसारखी उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येत नाही. संगणक जागा होण्यासाठी लागणारा भाग एका न दिसणाऱ्या कप्प्यात असतो, आणि विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फाइली तिनेच धरून ठेवलेल्या असतात. म्हणून डिस्कची जशीच्या तशी प्रत काढावी लागते. मी तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला हे मोफत साधन वापरले. ते यूएसबीवरून चालते, त्यामुळे त्या वेळी विंडोज झोपलेली असते. नेहमीच्या पद्धतीत नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. धोका आहे तो 'कुठून' आणि 'कुठे' हे निवडताना. तिथे उलटे झाले, की कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते! मी दोन्हींचे सिरियल नंबर कागदावर लिहिले आणि सौ.ला मोठ्याने वाचायला लावले. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी उतरवून घ्यावी. आणि प्रत झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. नाहीतर तो जुनीवरूनच उठतो आणि आपण नव्या घरात आहोत अशा समजुतीत राहतो.

हे एका दुपारी उरकले. वेळ गेला तो खणातल्या डिस्कवर.

त्यांतली सर्वांत जुनी २००० सालची, दहा जीबीची, रुंद पट्टीसारख्या वायरीची. तिला वेगळा अडॅप्टर आणावा लागला. त्या वर्षी माझे वडील सहा महिने आमच्याकडे होते. कॅनबेराच्या थंडीत बाहेर पडवेना, म्हणून त्यांनी एका बोटाने टाइप करत मराठीत आठवणी लिहिल्या होत्या : कराडची शाळा, डिसेंबर १९६७ मधल्या कोयनेच्या भूकंपाची रात्र, अंगणात काढलेले पुढचे दिवस. मी ते फोल्डर नव्या डिस्कवर घेतले, फाइलींची संख्या जुळवली आणि पुसायला बसलो. सहज म्हणून एक फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी!

आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात मंडळाची पत्रके टाइप केली असतील त्यांना कारण कळले असेल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या संगणकांवर ती पोचायला बराच वेळ लागला. तोवर आपण शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट वापरत होतो. त्यांत 'क' हा खरोखर 'क' म्हणून साठवलेला नसे. साठवलेले असे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवी. तो फॉन्ट फाइलीत नव्हता, जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता. मी फक्त कागदपत्रे घेऊन डिस्क पुसली असती तर मजकूर शाबूत राहिला असता, वाचता मात्र आला नसता. फॉन्ट नव्या संगणकावर घालताच वडिलांची पाने समोर आली. मग फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवली आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. जोडाक्षरे बरीच मोडली. पुण्याला ताई ती दुरुस्त करते आहे आणि दर पानाला फोन करून भांडते, की भूकंपाच्या रात्री घोंगडी कुणाकडे होती.

आता पुसणे. फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट केले, तर फक्त अनुक्रमणिका फाटते, पाने तशीच राहतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या होत्या. चालणाऱ्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. आपल्या कॅनबेरातला किस्सा तर अनेकांना आठवत असेल. जुन्या सरकारी फर्निचरच्या दुकानातून कुणीतरी कुलूपबंद कपाटे स्वस्तात नेली, ड्रिलने उघडली, आणि आत मंत्रिमंडळाचे गोपनीय कागद! एबीसीने जानेवारी २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. आमच्या डिस्कवर राज्यांची गुपिते नव्हती, पण पासपोर्टच्या प्रती, टॅक्स रिटर्न आणि भारतातल्या बँकेचे कागद होते.

फिरत्या डिस्कसाठी डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा पुरते. नुसते 'क्लीन' पुरत नाही. सेकंदाला शंभर मेगाबाइटचा वेग धरला तर एक टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. पस्तीस वेळा पुसावे हा समज पीटर गटमन यांच्या १९९६ च्या लेखावरून पसरला. आजच्या डिस्कना ते लागत नाही, असे पुढे त्यांनीच लिहिले. इथल्या सिग्नल्स डायरेक्टोरेटच्या नियमांत एकदा पुसणे पुरे आहे; २००१ पूर्वीच्या किंवा १५ जीबीहून लहान डिस्कला तीनदा. एसएसडीचे गणित निराळे. ती लिहिण्याची जागा स्वतःच बदलत राहते, म्हणून काही कोपरे वरून पुसले जात नाहीत. तिथे कंपनीच्या साधनातले 'सिक्युअर इरेज' वापरावे.

एक डिस्क मेलेलीच होती. ती उघडून मी हातोडा घातला. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते हे मला चष्म्यावर तुकडा उडाल्यावर कळले.

महिनाभर संगणक सुरळीत चालल्यावर, त्यातून निघालेली थकलेली डिस्कही पुसून मिचेलच्या ई-वेस्टमध्ये टाकली. वडिलांची दहा जीबीची तेवढी, तीनदा पुसूनही, अजून खणात आहे. सौ.ने पाहिली आहे, पण काही बोलली नाही.