न दिसणारा पक्षी मोजायचा कसा?

'पक्षी दिसतच नसेल, तर डेटा आणायचा कुठून?' हा प्रश्न पडला असेल, तर ब्रिटनमधल्या बिटर्नकडे बघा. बगळ्याच्या कुळातला हा पक्षी दलदलीतल्या बोरूच्या दाट रानात राहतो. चाहूल लागली, की चोच वर करून स्तब्ध उभा राहतो. अंगावर तपकिरी रेघा, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही.

मग मोजणी कानांनी केली. वसंतात नर घुमतात आणि तो आवाज काही किलोमीटर ऐकू जातो. ध्वनिमुद्रणांचे आलेख तपासले, तर एकेक नर आवाजावरून वेगळा ओळखता आला. एकच नर दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी झाला. १९९७ मध्ये घुमणारे नर उरले होते फक्त ११. लक्षात घ्या, हा आकडा नरांचा आहे, जोड्यांचा नाही. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या घरटी करू शकतात. आपण नेमकं काय मोजतोय, हे आधी ठरवा.

पण नुसत्या आकड्याने पक्षी वाचत नाही. नरांना रेडिओ टॅग लावल्यावर कळलं, की त्यांना पाण्यात उभा असलेला बोरू आणि जवळ मोकळं पाणी लागतं. मासे तिथेच मिळतात. कोरडं पडलेलं रान बाहेरून भरगच्च दिसलं, तरी त्यांच्या कामाचं नाही. म्हणून पाण्याची पातळी वाढवली, चर खोदले, झुडपं काढली. २०१९ मध्ये नर जवळपास २०० झाले.

तुमच्या प्रस्तावातही 'किती आहेत?' याच्यापुढे एक ओळ लिहा: उत्तर मिळालं, तर त्या जागेवर काय बदलायचं?