गांधीलमाश्या, खोटा पाऊस आणि ठकाची मंत्रविद्या

आपल्याकडे जादूसाठी दोन शब्द सहज वापरले जातात : हातचलाखी आणि नजरबंदी. पहिलीत जादूगाराचा हात काम करतो, दुसरीत बघणाऱ्याचे डोळे. हा लेख दुसरीविषयी आहे, आणि तोही एका खेळाच्या निमित्ताने. टेबलाभोवती बसून, एकेक भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात एखाद्याला ठकाचे पात्र हवे असेल, तर त्याला कोणते मंत्र द्यावेत? प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना फसवणूक म्हणजे नेमके काय, आणि ती कोणाची करावी, याचा विचार टाळता येत नाही.

ज्या खेळाविषयी मी बोलते आहे तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात. उरलेले सगळे जग, म्हणजे राक्षस, दुकानदार, पहारेकरी आणि हवामानसुद्धा, एकाच माणसाच्या हाती असते. मी त्याला सूत्रधार म्हणते. काय घडले असे वाटते ते खेळाडू सांगतो, शक्य आहे की नाही ते सूत्रधार ठरवतो आणि शंका असेल तिथे फासा बोलतो.

या रचनेत आगीचा गोळा फेकणे सोपे असते. अमुक इतके फासे टाका, तितकी इजा झाली. नजरबंदीचे गणित मात्र पहिल्यापासून अवघड आहे. १९७४च्या नियमांत भासदृश्य उभे करणारा एक मंत्र होता. बघणाऱ्याने ते खरे मानले तर त्यातून होणारी इजाही खरी, असा नियम होता. पण त्याने खरे मानले की नाही, हे कसे ठरवायचे? तिथे सगळे सूत्रधाराच्या मर्जीवर. मर्जीतला सूत्रधार असेल तर भासाचा अजगर संपूर्ण सैन्य गिळणार, नसेल तर साधा पहारेकरीही हसून सोडून देणार.

२०१४च्या नियमपुस्तकात यावर काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यातला एक पहिल्या पातळीचा मंत्र पंधरा फूट लांब, रुंद आणि उंच जागेत मावेल एवढे दृश्य उभे करतो. त्याला आवाज नाही, वास नाही. मंत्र टाकणाऱ्याचे लक्ष ढळले नाही तर ते दहा मिनिटे टिकते. हात लावला की फसवे आहे हे लगेच कळते. नुसते पाहून ओळखायचे असेल तर मात्र आपल्या पाळीतली कृती खर्च करून नीट तपासावे लागते आणि वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची धरतात. म्हणजे संशय घ्यायचा तर सहा सेकंद मोजा! खोटी भिंत शेवटी कोसळणारच आहे, पण ती तपासण्यात शत्रूने जो वेळ घालवला तो ठकाचा. ठकाची कमाई इजेत मोजायची नसते, दुसऱ्याच्या वाया गेलेल्या वेळात मोजायची असते.

याच पुस्तकात ठकदेवतेच्या पुजाऱ्यासाठी तयार मंत्रांची यादी आहे : वेषांतर, स्वतःच्या प्रतिमा, माग न लागू देता चालणे, रूप पालटणे वगैरे. त्याला एक वरदानही मिळते. स्पर्श केला की तासभर लपतछपत वावरणे सोपे होते, पण हे वरदान स्वतःला घेता येत नाही, दुसऱ्यालाच द्यावे लागते. ज्याने कोणी हे सुचवले त्याला ठकाच्या गोष्टी ठाऊक असाव्यात. पण त्याच यादीच्या शेवटी माणसाच्या मनावर पूर्ण ताबा मिळवणारा मंत्रही आहे, आणि तिथे माझे पटत नाही. ताबा मिळवणे हे राजाचे काम, ठकाचे नव्हे. फसलेल्याने स्वतःच्या पायांनी चालत जाळ्यात शिरले पाहिजे.

हे कसे घडते याचा उत्तम धडा मला अनान्सीच्या कथांत सापडला. अनान्सी हा पश्चिम आफ्रिकेतल्या घानामधल्या अकान लोकांचा कोळी. कधी कोळी, कधी माणूस. आर. एस. रॅट्रे यांनी या लोकांच्या कथांचा संग्रह १९३० साली प्रसिद्ध केला. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या होत्या आणि अनान्सीने त्या विकत घेतल्या, ही त्यातली प्रसिद्ध कथा. किंमत होती अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी, चौघेही जिवंत. कोळ्याजवळ ना बळ ना शस्त्र. होती ती बायको आसो, आणि युक्ती पुष्कळदा तिचीच. अजगराच्या कानी पडेल असा वाद त्याने घातला, की अजगर लांब की ही फांदी? अजगर स्वतःहून फांदीलगत आडवा झाला आणि बांधला गेला. गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर त्याने पाणी ओतले, स्वतःच्या डोक्यावरही ओतले, वर केळीचे पान धरले आणि म्हणाला, पाऊस आला, या माझ्या भोपळ्यात. त्या आत शिरल्या आणि त्याने तोंड बंद केले. परीसाठी चिकाने माखलेली लाकडी बाहुली, हातात कुस्करलेला कंद. खाऊन परीने आभार मानले, बाहुली बोलेना, परीने रागाने थप्पड मारली आणि ती चिकटली. बिबट्यासाठी खड्डाच खणला होता. त्यातून मंत्र काढण्यासारखे मला काही दिसत नाही.

उरलेल्या तिन्हींतून मी तीन मंत्र बेतले.

पहिला 'पावसाची हूल'. वीस फुटांच्या वर्तुळात दहा मिनिटे पावसाचा आवाज, गारवा, ओल. कोणावरही सक्ती नाही, म्हणून मंत्र टाळण्यासाठी फासाही नाही. सूत्रधाराने एवढेच ठरवायचे की हा प्राणी पावसात काय करतो. आडोसा खेळाडूने आधी तयार ठेवायचा. आणि मंत्र टाकणाऱ्याने स्वतः खरोखर भिजायचे. ओल्या पावलांचे ठसे उमटतात, तेवढा वेळ त्याला लपणे जड जाते. कथेतला अनान्सी स्वतःही भिजला होता, म्हणून तर माश्यांनी विश्वास ठेवला.

दुसरा 'मापाची काठी'. समोरच्याला ऐकू जाईल अशी त्याच्याविषयी एक शंका बोलायची. त्याच्या फाशाला अपयश आले तर सूत्रधाराने खेळाडूला सांगायचे, की कोणती गोष्ट सिद्ध केल्यावाचून याला चैन पडत नाही. बस. हा मंत्र फक्त माहिती देतो, पण तिघांत मला तोच सर्वांत ताकदवान वाटतो.

तिसरी 'मुकी बाहुली' : मारला तरच चिकटते, जितके फटके तितकी घट्ट. ज्याने हात उगारला नाही त्याला काही होत नाही.

आता खरा पेच. खेळात ठक आला की पाहता पाहता तो चोर होतो. दुकानदाराला भुलव, भिकाऱ्याला लुबाड, शेवटी सोबत्याच्याच थैलीत हात घाल. खेळाचा विचका होतो तो इथे. अनान्सीच्या कथा गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर जमैकात पोहोचल्या आणि तिथे टिकल्या. छोट्याने मोठ्याला चकवण्याची गोष्ट ज्यांना जवळची वाटणार, असेच लोक ते होते. म्हणून माझा नियम असा की आपल्याहून बलवान असलेल्यावर, फार तर बरोबरीच्यावर, हे मंत्र सरळ लागतात. दुबळ्यावरही लागतात, पण त्याची झळ त्याच दिवशी ठकाला बसते, आणि ती केव्हा बसावी ते सूत्रधार ठरवतो.

ही झळही अनान्सीचीच. आपल्याच माणसांना तो फसवतो तेव्हा त्याची फजिती होते. सासूच्या अंत्यविधीत उपास पाळल्याचा आव आणून त्याने गरम कडधान्य टोपीखाली लपवले आणि डोके भाजून घेतले. कोळ्याला टक्कल कसे पडले, याची ती कथा.

एक अट मात्र पात्रासाठी नसून खेळाडूसाठी आहे. ठकाने टेबलावर कोणाशीही खोटे बोलावे, सूत्रधाराशी नाही. आडोसा कुठे आहे, भोपळ्याचे झाकण कोणाच्या हातात आहे, हे त्याला आधी सांगितले नाही तर खोटा पाऊस नीट पाडता येत नाही. उलट सूत्रधारानेही सगळे ठाऊक असताना गांधीलमाशीला गांधीलमाशीइतकेच शहाणे ठेवायचे. १९७४चा मर्जीचा प्रश्न एवढ्याने पुरता सुटत नाही, पण निदान तो उघड्यावर येतो.

राहता राहिले बेडूक. पावसाची हूल त्यांच्यावर टाकली तर ते आडोशाला जात नाहीत, उलट होते तिथून बाहेर येतात. त्यामुळे या मंत्राखाली मी आता एक ओळ जोडली आहे : आडोसा तयार करण्याआधी प्राणी कोणता ते पाहावे.