जुन्या डिझेल गाडीची टाकी मोठी करावी काय?

आपल्या संघाच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या पेढीवर आज एखादी तरी जुनी डिझेल पिकअप गाडी आहे. सकाळी बाजारातून माल उचलावा, गावोगावच्या दुकानदारांस पोचता करावा, उधारीची वसुली घेऊन रात्री परत यावे, असा तिचा नित्यक्रम असतो. गाडी जुनी झाली तरी तिचे काम कमी होत नाही. अशा गाडीच्या मालकाच्या मनात केव्हा ना केव्हा एक विचार येतोच : हिची डिझेलची टाकी थोडी मोठी करून घेतली तर?

सीमाभागात तर हा विचार विशेष बळावतो. डिझेल अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. प्रत्येक राज्य त्यावर आपापला कर बसविते. त्यामुळे कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांची सीमा ओलांडताच दर बदलतो. जेथे स्वस्त तेथे भरून घ्यावे, हा व्यापाऱ्याचा स्वभावच आहे. या प्रश्नाचा ऊहापोह यंत्रशास्त्राच्या व हिशेबाच्या अशा दोन्ही दृष्टींनी करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी शिकलेला अभियंता नव्हे. धान्याचा घाऊक व्यापारी आहे. परंतु या एका विषयाचे ज्ञान मला जबर किंमत देऊन मिळाले आहे, आणि ती किंमत मी नव्हे, दुसऱ्याने भोगली. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या पेढीची जुनी पिकअप बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास तांदूळ घेऊन जात असे. टाकी ६० लिटरची. एका पावसाळ्यापूर्वी ती गाडी परतीच्या वाटेवर घाटात दोन वेळा बंद पडली. दोन्ही वेळा ड्रायव्हरने जवळच्या कॅनमधील ५ लिटर डिझेल टाकीत ओतले, हँडपंप मारून हवा काढली आणि गाडी चालू झाली. काटा थोडे डिझेल दाखवीत होता; पण जुन्या गाडीच्या काट्यावर कोण विश्वास ठेवतो? टाकी अपुरी पडते, असा निष्कर्ष मी काढला व ती वाढवून घेण्याचे ठरविले.

नवी टाकी महाग, म्हणून जुन्याच टाकीचा तळ कापून खाली पत्र्याची पेटी जोडावी, असे मी एका कारखान्यात सांगितले. टाकी रिकामी करून रात्रभर उघडी ठेवली होती. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, ही सर्वांची समजूत. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगची ज्योत लागताच टाकीचा मोठा आवाज होऊन शिवण फाटली. हाताखाली काम करणारा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा टाकी धरून बसला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डोळे वाचले, हे दैव. दोन महिने तो घरी होता. औषधोपचाराचा व घरखर्चाचा भार आमच्या पेढीने उचलला; परंतु पैसे दिल्याने प्रमाद फिटत नाही, हे आपणा जैनांस निराळे सांगावयास नको.

असे का झाले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. डिझेल साध्या उष्णतेत फारशी वाफ सोडत नाही, हे खरे. परंतु रिकाम्या टाकीच्या शिवणीत, कोपऱ्यांत व तळच्या गाळात ते चिकटून राहते. ज्योतीने पत्रा तापला की त्याची वाफ होते, बंद जागेत हवेशी मिसळते आणि तीच ज्योत तिला पेटविते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी या दृष्टीने अधिक घातक, कारण तिच्यात वाफेस व हवेस जागा मोठी. म्हणून जुनी टाकी कापून जोडून वाढविणे हा मार्ग सर्वस्वी वर्ज्य समजावा. लहानशी गळती बुजविण्यासाठीसुद्धा टाकी उतरवून, आतून पूर्ण धुऊन, आत ज्वालाग्राही वाफ उरली नाही याची उपकरणाने परीक्षा होते अशाच ठिकाणी ती द्यावी.

पुढील गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. फाटलेली टाकी एका वृद्ध मिस्त्रींनी पाहिली. टाकीस हवा जाण्याची जी बारीक नळी असते, जिला ब्रीदर म्हणतात, ती त्यांनी उपटून दाखविली. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते! टाकीतील डिझेल जसजसे कमी होते तसतशी त्या जागी हवा आत आली पाहिजे. नळी बुजल्यामुळे हवा येईना, टाकीत निर्वात ओढ उत्पन्न होई आणि पंपास डिझेल मिळेनासे होई. ड्रायव्हर कॅनमधून डिझेल ओतण्यासाठी झाकण उघडी, तेव्हा हवा आत जाई, आणि गाडी चालू होई. चालू झाली ती त्या हवेमुळे. आम्ही समजलो, डिझेलमुळे.

घरी येऊन मी त्या वेळच्या पंपाच्या पावत्या काढल्या. घाटात गाडी बंद पडली त्या दिवशी बेळगावात येऊन टाकी भरली तेव्हा तीत फक्त ३८ लिटर मावले होते. म्हणजे भरण्यापूर्वी टाकीत २२ लिटर होते. कॅनचे ५ लिटर वजा करा व घाटापासून बेळगावपर्यंत जळालेले सुमारे ४ लिटर मिळवा. गाडी बंद पडली तेव्हा टाकीत २१ लिटर डिझेल शिल्लक होते! सारा पुरावा माझ्याच खतावणीत होता. पोत्यामागे पावशेराची घट शोधणाऱ्या माणसाने आपल्याच पावत्या वाचल्या नाहीत, आणि एका निरपराध मुलाचे हात भाजले.

यावरून पहिला नियम निघतो तो असा : टाकी लहान आहे असे म्हणण्यापूर्वी आहे ती टाकी पूर्ण कामी येते काय, ते पाहावे. ब्रीदरची नळी मोकळी करावी. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला तर ती बुजली आहे असे समजावे. तळचा ड्रेन नट उघडून पाणी व गाळ काढावा. रात्रीच्या गारठ्याने टाकीच्या रिकाम्या भागात दव धरते. ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साठते, पत्रा गंजविते आणि पाणी व डिझेल यांच्या संगमावर सूक्ष्म जीवांची बुळबुळीत वाढ होते. हाच गाळ पुढे ओढनळीची जाळी व फिल्टर बुजवितो. दगड लागून टाकीचा तळ आत दबला असेल तर तेवढे लिटरही कमी झाले. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून मापाने भरावी व काट्याची खूण कोठे येते ते लिहून ठेवावे. एवढ्यानेच पुष्कळांचे समाधान होईल.

दुसरा नियम हिशेबाचा. गाडी लिटरला १० किलोमीटर चालते असे धरा. ६० लिटरपैकी १० राखीव ठेवले तरी ५०० किलोमीटरची मजल होते. बेळगाव ते पणजी व परत हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. म्हणजे एका भरण्यात दोन खेपा सुखाने होतात. दराच्या फरकाचेही असेच. समजा, दोन राज्यांच्या दरांत लिटरमागे ३ रुपयांचे अंतर आहे व आपण ६० लिटर जादा मावणारी टाकी २५,००० रुपये खर्चून बसविली. एका भरण्यात वाचले १८० रुपये. मुद्दल वसूल होण्यास सुमारे १४० वेळा ती टाकी पूर्ण भरली पाहिजे. आणि मध्यंतरी दर उलटले तर सारेच मुसळ केरात.

वजनाचा विचार तर आपण धान्यवाले लोक लवकर समजू. डिझेलचे वजन लिटरमागे सुमारे ८३० ग्रॅम. ६० लिटरचे झाले ५० किलो. टाकी, पट्ट्या व कोन मिळून आणखी २० किलो धरा. ७० किलो म्हणजे ५० किलोचे जवळजवळ दीड पोते. गाडीस कायद्याने ठरलेल्या भारातून तेवढा माल कमी घ्यावा लागेल. पूर्ण भाराच्या शंभर खेपांत ७० क्विंटल मालाचे भाडे बुडाले. कमी न घेता तसाच चढविला तर पाटे, टायर व ब्रेक यांनी तो भार सोसावयाचा, तोही घाटाच्या उतारावर.

इतके करूनही ज्यांस खरोखर मोठ्या टाकीची गरज आहे, म्हणजे ज्यांची गाडी लांबच्या व पंप विरळ असलेल्या मार्गावर नित्य धावते, त्यांच्यासाठी दोन मार्ग उरतात.

पहिला, जुनी टाकी काढून त्याच गाडीसाठी कंपनीने मान्य केलेली मोठी टाकी बसविणे. हा सर्वांत सरळ मार्ग. दुसरा, मूळ टाकी तशीच ठेवून चासीवर दुसरी बसविणे. येथे डिझेल इंजिनाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. पंप जेवढे डिझेल ओढतो तेवढे सर्व जळत नाही. उरलेले पंपाकडून व नोझलकडून परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येते. दुसऱ्या टाकीतून ओढ सुरू केली आणि परतीची नळी पहिल्याच टाकीत राहिली, तर भरलेली पहिली टाकी ओसंडून डिझेल रस्त्यावर सांडते व मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो. म्हणून ओढ व परत हे दोन्ही मार्ग एकदम बदलणारा कॉकच बसवावा. किंवा इंजिनास सदैव मूळ टाकीतूनच पुरवठा ठेवून दुसरीतील डिझेल जरुरीप्रमाणे मूळ टाकीत सोडण्याची व्यवस्था करावी; ती अधिक सोपी.

टाकी कशाची असावी? आतून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा व तांब्याची नळी टाळावी. जस्ताशी डिझेलचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो व फिल्टर बुजतो; तांब्याने डिझेल लवकर बिघडते. साधे पोलाद, ॲल्युमिनियम किंवा या कामासाठीच बनविलेले जाड प्लास्टिक चालते. मोठ्या टाकीत आडवे भोकाचे पडदे असावेत. नाहीतर ब्रेक मारताच सारे डिझेल पुढे धावते आणि वळणावर गाडी झोकांडी खाते. धूर जाणाऱ्या नळीपासून ती दूर असावी व चासीच्या बाहेर डोकावू नये. मालाच्या हौद्यात तर टाकी कदापि ठेवू नये. तांदळास वास धरण्यास एक रात्र पुरते, आणि वास लागलेला तांदूळ कोणी घेत नाही. टाकी काठोकाठही भरू नये. ६० लिटर डिझेल २० अंशांनी तापले की सुमारे एक लिटरने फुगते. त्यास जागा हवी.

शेवटी कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुमती नसलेल्या प्रत्येक फेरफारास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली आहे. जादा टाकीने रिकाम्या गाडीचे वजन बदलते, आणि ते वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते. तेव्हा काम करण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसही कळवावे. अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला गेला, तर वाचविलेले सारे रुपये एका दिवसात जातात.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिला मूळ मापाचीच नवी टाकी बसविली. ब्रीदरच्या तोंडावर बारीक जाळी लावली. दर महिन्यास तळचे पाणी काढतात आणि प्रत्येक पावतीवर किलोमीटर लिहून ती माझ्याकडे येते. त्यानंतर ती गाडी डिझेलवाचून घाटात एकदाही थांबली नाही. तो मुलगा आज स्वतः मिस्त्री आहे. आमची गाडी त्याच्याच हाती असते. थंडीत त्याच्या हातांची कातडी अजून ओढते, असे तो सांगतो; तक्रार म्हणून नव्हे, मी विचारतो म्हणून.

परिग्रहाचे परिमाण ठरवून घ्यावे, अशी आपल्या धर्माची गृहस्थास आज्ञा आहे. ती घर, सोने व शेत यांच्यापुरतीच आहे असे मी पूर्वी समजत असे. आता वाटते, डिझेलच्या टाकीसही ती लागू आहे. किती हवे हे आधी मोजावे, आहे ते स्वच्छ ठेवावे, आणि मग अधिक मागावे. सभासद बंधूंनी वरील गोष्टींचा आपापल्या गाडीपुरता विचार करावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.