कॅमेरा निवडलात, आता कार्ड निवडा

पहिल्या पगारातून किंवा दिवाळीच्या बोनसमधून कॅमेरा घ्यायचा ठरला, की घरात महिनाभर तोच विषय चालतो. कंपनी कोणती, लेन्स कोणती, सेकंडहँड चालेल का, मावसभावाकडे आहे तसाच घ्यावा की त्याच्या पुढचा? शेवटी बिल करताना दुकानदार विचारतो, ‘‘कार्ड कोणतं देऊ?’’ आणि इतका अभ्यास केलेला माणूस म्हणतो, ‘‘द्या कोणतंही, चौसष्टचं.’’

हे ‘कोणतंही’ महागात पडू शकतं. लेन्सला ओरखडा आला तर फोटो थोडा कमी चांगला येईल. बॅटरी संपली तर पुढचे फोटो निघणार नाहीत. पण कार्डाने दगा दिला तर काढून झालेले फोटोही जातात. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन किंवा ताईच्या लग्नातला अंतरपाट पुन्हा होत नाही. म्हणून दोन ग्रॅम वजनाच्या या चौकोनी तुकड्यावर काय छापलेलं असतं, ते एकदा समजून घेऊ.

आधी कॅमेऱ्याला विचारा

बहुतेक कॅमेऱ्यांत एसडी कार्ड लागतं. १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता (म्हणजे आजची पॅनासॉनिक) या तीन कंपन्यांनी ते आणलं. तेव्हापासून आकार तोच आहे, ३२ बाय २४ मिलिमीटर. आतली व्यवस्था मात्र बदलत गेली. नुसतं ‘एसडी’ लिहिलेलं कार्ड २ जीबीपर्यंतचं असतं. ‘एसडीएचसी’ त्यापुढे ३२ जीबीपर्यंत जातं, आणि ‘एसडीएक्ससी’ त्याहूनही पुढे २ टीबीपर्यंत.

नव्या कॅमेऱ्यात जुनं कार्ड चालतं, पण जुन्या कॅमेऱ्यात नवं कार्ड चालेलच असं नाही. काकांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेला कॅमेरा तुमच्याकडे आला असेल आणि तो फक्त एसडीएचसीपर्यंतचीच कार्डं घेत असेल, तर त्यात १२८ जीबीचं कार्ड घालून उपयोग नाही. कार्ड खाचेत छान बसेल, कॅमेरा मात्र ‘कार्ड एरर’ दाखवेल. त्यात दोष ना कार्डाचा, ना कॅमेऱ्याचा. म्हणून आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल काढा. हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतं. त्यात कोणती कार्डं चालतात याचं एक पान असतं. सगळी खरेदी त्या पानावरून सुरू करायची.

लेबल कसं वाचायचं?

कार्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो, समजा १७० एमबी. तो बघून आपण खूश होतो. पण हा बहुधा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून कॉम्प्युटरवर फोटो उतरवताना मिळणारा, तोही सगळ्यात अनुकूल परिस्थितीत. त्यात आणखी एक मेख आहे. ‘यूएचएस-वन’ या प्रकारच्या कार्डांची ठरलेली कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यापुढचा आकडा कंपन्या आपल्या खास पद्धतीने गाठतात, आणि तो मिळायला त्या पद्धतीचाच कार्ड रीडर लागतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो वेग मिळत नाही.

कॅमेऱ्याला महत्त्वाचा असतो लिहिण्याचा वेग, आणि त्याची हमी लहान चिन्हांत दडलेली असते. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल, तर ते कार्ड सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहील. यू अक्षरात १ असेल तरी तेच. यू अक्षरात ३ असेल तर किमान ३० एमबी. व्ही अक्षरापुढे ३०, ६० किंवा ९० असेल, तर तो आकडाच किमान वेग सांगतो. जाहिरातीतला मोठा आकडा म्हणजे ‘जास्तीत जास्त इतका’ आणि ही छोटी चिन्हं म्हणजे ‘निदान इतका तरी’. खरेदी करताना ‘निदान’ बघायचं.

ए१ आणि ए२ ही चिन्हंही काही कार्डांवर दिसतात. ती मोबाईलमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, कॅमेऱ्यासाठी त्यांचा विचार करायची गरज नाही. ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेली कार्डं सीसीटीव्ही किंवा गाडीतल्या डॅशकॅमसारख्या, दिवसरात्र त्याच जागेवर पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या उपकरणांसाठी असतात.

मग आपल्याला वेग किती हवा?

इथे एक छोटा हिशेब करू. व्हिडिओचा दर कॅमेरा मेगाबिटमध्ये सांगतो आणि कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून पहिल्या आकड्याला आठाने भागायचं. पुष्कळ कॅमेरे फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट दराने घेतात. भागिले आठ म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. व्ही३० कार्ड त्याच्या दुपटीहून जास्त वेगाची हमी देतं. तेव्हा घरगुती कार्यक्रमासाठी कुणी व्ही९० कार्ड गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नको म्हणा. ही महागडी कार्डं बहुतेक ‘यूएचएस-टू’ प्रकारची असतात. त्यांच्या पाठीवर पितळी दिसणाऱ्या संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत त्या ओळीसाठी जोडच नसेल, तर कार्ड चालेल, पण यूएचएस-वनच्याच वेगाने. दुसऱ्या ओळीचे पैसे वाया.

धीम्या कार्डाची अडचण नेमकी कधी कळते? एकेक फोटो काढताना कळत नाही. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, वधू-वर हार घालतात आणि तुम्ही बटण दाबून धरता. सेकंदाला आठ-दहा फोटो निघतात. कॅमेरा ते आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, ठेवतो आणि मग कार्डावर उतरवतो. कार्ड धीमं असेल तर बफर भरतं, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. तोवर हार घालून झालेले असतात. व्हिडिओत हेच झालं तर रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या इंदूरच्या झांक्या समोरून जात असताना ‘जरा थांबा’ कुणाला म्हणणार?

एक मोठं की दोन लहान?

आता क्षमतेचा हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा जेपेग फोटो सुमारे १० एमबी धरा आणि रॉ फाइल सुमारे २८ एमबी. एखाद्या मुंजीत ८०० फोटो दोन्ही प्रकारांत काढले तर जवळपास ३० जीबी झाले. त्यात ४० मिनिटांचा फोर-के व्हिडिओ. मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे आणखी ३० जीबी. ६४ जीबीचं कार्ड भिक्षावळीपर्यंत काठोकाठ भरलं म्हणून समजा.

यावर दोन उपाय आहेत. एकतर १२८ जीबीचं एक कार्ड किंवा ६४ जीबीची दोन. मोठं कार्ड म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत, हे खरं. पण लहान कार्डं सतत बदलणं हीसुद्धा जोखीमच आहे. घाईत कार्ड हातातून पडतं, भरलेलं आणि रिकामं यात गल्लत होते. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यासमोर गुलाल आणि पाण्याच्या फवाऱ्यात कॅमेऱ्याचं झाकण उघडायची कल्पना करून बघा. तिथे एकच मोठं कार्ड घालून निघायचं आणि झाकण घरी येऊनच उघडायचं. लग्न-मुंजीत मात्र दोन कार्डं बरी. सकाळचे विधी एका कार्डावर, संध्याकाळचं रिसेप्शन दुसऱ्यावर. एक गेलं तरी अर्धा दिवस हाती राहतो.

कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर प्रश्नच मिटला. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरेल अशी व्यवस्था करा. पुष्कळ कॅमेऱ्यांत सुरुवातीला ती तशी नसते, पहिलं भरलं की दुसरं अशी असते.

नवं ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की विंडोज ५९ च्या आसपास दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज एका जीबीत १०७ कोटींहून जास्त बाइट मोजतं. माल तोच, माप वेगळं. तसंच ३२ जीबीच्या कार्डावर लांब व्हिडिओचे चार-चार जीबीचे तुकडे झाले तरी घाबरू नका. त्या कार्डाच्या फाइल पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

खरी फसवणूक वेगळी असते. नकली कार्डात आतली चिप असते ८ जीबीची, पण ती चालवणारा कंट्रोलर ‘मी १२८ आहे’ असं खोटं सांगतो. कॅमेरा विश्वास ठेवतो. पहिले ८ जीबी सगळं सुरळीत चालतं. त्यानंतरचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. यादीत नावं दिसतात, फाइल उघडत नाही. म्हणूनच ‘दहा फोटो काढून बघितले, चांगलं आहे’ ही परीक्षा पुरेशी नाही.

कार्ड पूर्ण भरून बघणं हीच खरी परीक्षा. त्यासाठी मोफत प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताळा करतात. ६४ जीबीच्या चांगल्या कार्डाला साधारण तासभर लागतो. हे काम कार्ड आणल्या दिवशीच करा, म्हणजे परत करायची मुदत हातात असते. बिल घ्याच. आणि एक टीबीचं कार्ड कुणी चारशे-पाचशे रुपयांत देत असेल, तर ते स्वस्त नाही, खोटं आहे.

काही सवयी

रिकामं करायचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. पण त्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरलेत ना, ते उघडून बघा. लाल दिवा चालू असताना कार्ड काढू नका. कार्डाच्या कडेची छोटी पट्टी खाली सरकली की ते लॉक होतं. कॅमेरा लिहायला नकार देत असेल तर आधी ती बघा.

आणि चुकून फोटो उडाले तर? तिथेच थांबा. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फक्त यादीतली नोंद पुसली जाते, फोटो जागेवर असतो. नवा फोटो त्या जागी बसला की तो गेला. कार्ड काढून बाजूला ठेवा आणि घरी फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने शोधून बघा. अशा वेळी शांत राहिलेल्यांचे पुष्कळ फोटो परत मिळतात.

कार्ड म्हणजे अल्बम नव्हे

चांगल्यात चांगलं कार्डसुद्धा फोटो आणण्याचं साधन आहे, साठवण्याचं नाही. त्यात फोटो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असतो आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं तर तो भार हळूहळू ओसरतो. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करताना छायाचित्रण शिकले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच शतकभर टिकली, कारण कुणीतरी ती सांभाळली. आपल्या फोटोंनाही सांभाळणारं कुणी लागेल. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ती तिसरी प्रत पुण्याच्या आत्याकडे किंवा बडोद्याच्या मामाकडे एका हार्ड डिस्कवर ठेवली तरी चालेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो मात्र प्रत म्हणून धरू नका, तो बारीक होऊन जातो.

शेवटी एक काम, त्याला खरेदी लागत नाही. घरातले अल्बम काढा. बहुतेक घरांत ते २००४-०५ च्या सुमाराला थांबतात. फोनमधले फोटो त्यानंतर काही वर्षांनी सुरू होतात. मधली वर्षं कुठे आहेत? बरीचशी आईच्या कपाटातल्या एखाद्या पाऊचमध्ये, जुन्या कार्डांवर. त्यात कदाचित सोनीची १९९८ मध्ये आलेली मेमरी स्टिक असेल, किंवा ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये आणलेलं एक्सडी कार्ड. ती आता कुणी कॅमेऱ्यात वापरत नाही आणि वाचणारे रीडरही दुकानात सहज मिळत नाहीत. जुना कॅमेरा आणि त्याची केबल टाकून देण्याआधी ती कार्डं उतरवून घ्या. तुमच्या बारशाचे फोटो कदाचित तिथेच असतील.