विश्लेषण : चार वर्षांच्या मुलांना विश्व कशाला दाखवायचे?
शास्त्रज्ञ घडवणे हा ‘युनिव्हर्स अवेअरनेस’चा पहिला हेतू नव्हेच. नेदरलँड्समधील लायडन वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज माइली यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला हा उपक्रम ४ ते १० वर्षांच्या, विशेषतः वंचित मुलांसाठी आहे. विश्वाचा पसारा कळला की देशादेशांतील भेद किरकोळ वाटू लागतात, आणि ते मनावर ठसण्याचे वय हेच, असा त्यामागचा विचार.

दुर्बीण हवीच असे नाही. अंधाऱ्या खोलीतला दिवा सूर्य, हातातला चेंडू चंद्र. स्वतःभोवती सावकाश फिरले की चेंडूवर चंद्रकला उमटतात. चेंडू मात्र डोक्याच्या थोडा वर धरावा, नाहीतर ग्रहणच लागते! ‘युनिव्हर्स इन अ बॉक्स’ या पेटीत असे साहित्य आणि कृतिपुस्तिका असते. खरे अवघड काम शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे; अनेकांना हा विषय कधी शिकवलेलाच नसतो.